गाडी विकण्याच्या दृष्टीने

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (तू आमच्यापासून नक्की कोणत्या दिशेला आहेस यावर घरात एकमत नाही. बाबा गच्चीकडे बोट दाखवतात, आई मागच्या दाराकडे. वाद नको म्हणून मी दोन्हीकडे वाकलो आहे.) इकडे आम्ही तिघंही ठीक आहोत. आईचा गुडघा दुखायचा तेवढाच दुखतो. बाबांना खोकला आहे असं आई म्हणते, आणि नाही असं बाबा खोकत खोकत सांगतात. तुझी तब्येत कशी आहे, जेवण वेळेवर होतं का, थंडीत कान झाकतेस का, ते कळव. फोनवर तू ‘हो’ म्हणतेस हे खरं, पण फोनवर आपण सगळेच ‘हो’ म्हणतो. शिवाय फोन आईच्या कानाला, बाबांचा कान आईच्या खांद्यावर, आणि माझ्या वाट्याला येतं ते फक्त तुझं ‘बरं, ठेवते’. म्हणून हे पत्र.

तू लिहिलं होतंस की इतक्यात परत यायचा विचार नाही, शर्यतीचं वेड तर डोक्यातून काढूनच टाकलं आहे, तेव्हा शेडमध्ये पडून गंजण्यापेक्षा गाडी विकून टाका. बाबांनी ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि म्हणाले, विका म्हणते तर विकू. आई म्हणाली, विकू. मीही तेच म्हणालो. मग आम्ही जेवायला बसलो आणि कोणीच दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. तू तिथे बसने कामाला जातेस हे वाचून बाबा म्हणाले, त्या बसच्या ड्रायव्हरचं काही खरं नाही. (म्हणून हसले, आणि मग बराच वेळ कात्री शोधत राहिले. कात्री हातातच होती.) असो. तर हे पत्र मुख्यतः विक्रीची प्रगती कळवण्यासाठी आहे असं समज. जे काही केलं ते विकण्याच्या दृष्टीनेच केलं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे वाचताना तुला तसं वाटणार नाही.

विकायची गाडी आतून स्वच्छ असावी, एवढाच माझा पहिला विचार होता. स्वच्छ करायची म्हणून सीट काढल्या. सीट निघाल्या म्हणून गालिचा काढला. गालिचा निघाला तर खाली तो डांबरासारखा काळा थर, आवाज अडवण्यासाठी चिकटवलेला, आणि तो ठिकठिकाणी फुगलेला. एकदा तो फुगवटा दिसल्यावर तो तसाच ठेवून मला घास गिळवला नसता, हे तुला सांगायला नको. तुझं केस वाळवायचं यंत्र कपाटात पडून होतं. त्याची गरम हवा मारत मारत पटाशीने सगळा थर खरवडून काढला. (यंत्र अजून चालतं. हवा गार देतं, एवढंच.) मग छताचं अस्तर, दारांच्या आतल्या फळ्या, मागचं बाकडं, सगळं एकेक करून बाहेर आलं. प्रत्येक स्क्रू वेगळ्या पुडीत ठेवला आणि पुडीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘डावं पुढचं दार, आतून, वरून दुसरा, किंचित वाकडा’. शाळेत मी फार टिकलो नाही, पण माझ्या पुड्या कोणत्याही मास्तरांनी तपासाव्यात. शेवटी आत नुसता पत्रा राहिला. दार लावलं की रिकामं पिंप पडल्यासारखा आवाज येतो आणि शेजारच्यांचं कुत्रं उठून बसतं.

वाईट वाटलं ते बाबांचं. जन्मभर दुकानात बसून लोकांच्या गाड्यांच्या सीट शिवल्या, पण हात सैल सोडून शिवलं ते या एकाच गाडीचं आतलं. तांबड्या कापडाला पांढरी शिवण, तीही दुहेरी, तू जिंकशील तेव्हा फोटोत उठून दिसेल म्हणून. मी अस्तर उचकटत होतो तेव्हा ते शेडच्या दारात उभे होते. रागावले नाहीत. टाका धरून ओढ, कापड फाडू नकोस, एवढंच म्हणाले. त्यानंतर मी जे बाहेर टाकेन ते उचलून घरात नेऊ लागले. टाकवेना त्यांना. आता आपल्या घराची स्थिती अशी की गाडीत काही नाही आणि घरात गाडी आहे. छताच्या अस्तराचा पडदा झाला आहे. मागच्या बाकड्यावर बाबा दुपारी आडवे होतात. शेजारच्या सीटवर, म्हणजे माझ्या, आई भाजी निवडायला बसते आणि सवयीने पट्टा लावते. तुझी सीट खिडकीखाली ठेवली आहे. तिची पाठ तू ठेवली होतीस तेवढीच कललेली आहे. पाहुणे तिकडे वळले की आई म्हणते, तिथे नको, ती जरा डगमगते. ती डगमगत नाही. मी स्वतः आवळली आहे.

अशी सोललेली गाडी घरगुती माणूस घेणार नाही, हे माझ्या लक्षात यायला जरा उशीर झाला. घेईल तर कोणी शर्यतवालाच घेईल. आणि नव्या नियमाप्रमाणे शर्यतीच्या गाडीत रोल केज हवाच. तेव्हा विकण्याच्या दृष्टीने रोल केज करणं ओघानेच आलं. तुला माहीत आहे, पण आईला समजावून सांगावं लागलं. आतून लोखंडी नळ्यांचा पिंजरा असतो, गाडी उलटली तरी छत डोक्यावर येत नाही. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, तुम्ही दोघं त्या डोंगरावर जायचात तेव्हा हा पिंजरा होता? मी म्हणालो, नव्हता. त्यावर ती उठली आणि स्वच्छच असलेला ओटा पुन्हा पुसला. (तू चालवायचीस आणि मी शेजारी बसून पुढची वळणं वाचून दाखवायचो. मी ती सगळी पाठ केली होती, म्हणजे डोळे मिटून घ्यायची सोय व्हावी. तुला हे तेव्हाच कळलं असणार, कारण कठीण वळण आलं की तू म्हणायचीस, बघ बघ, झाडं किती छान आहेत. अजूनही भाजी आणायला निघालो की मी मनातल्या मनात वळणं म्हणतो. शेजारी कोणी नसतं, तरी म्हणतो.)

नळ्या वाकवायला आणि जोडायला कोपऱ्यावरचे जाळीवाले काका आले. त्यांचं सगळं आयुष्य खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं करण्यात गेलं. हात चांगला आहे, पण लोखंड दिसलं की त्यांच्या डोक्यात चोरच येतो. मी म्हणायचो, काका, गाडी उलटली तर. ते म्हणायचे, उलटली काय नि सरळ असली काय, आत शिरेल कुठून तो? एका दुपारी मी जेवून आलो तर त्यांनी बाजूच्या दांडीला मधोमध लोखंडी वेल काढून ठेवला होता, दोन पानं आणि एक कळी. मी म्हणालो, शर्यतीच्या गाडीला कळी नसते. ते दुखावले. नुसती सरळ दांडी ठेवायची तर लोक म्हणतील याला काही येत नाही, असं म्हणाले. वेल कापला. कळी मात्र चालकाच्या पायाशी एका कोपऱ्यात राहिली आहे. ती कोणाला दिसणार नाही, आणि त्यांनी फारच गळ घातली. बाबाही हळूहळू कामात आले. दोन नळ्या जिथे भेटतात तिथे एकीचं तोंड दुसरीच्या गोलाईला बसेल असं कापावं लागतं. बाबांनी नळीला कागद गुंडाळला आणि बाहीचा साचा कापतात तसा साचा कापून दिला. जाळीवाले काका म्हणाले, शिंपीकाम शिरलं म्हणायचं आमच्यात. बाबा म्हणाले, तुमच्यात शिरायला चोराला जागा नाही, आम्हाला मिळाली हेच नशीब.

आता मुख्य अडचण. वरची आडवी नळी चालकाच्या डोक्यापासून किती वर घ्यायची, हे चालक हेल्मेट घालून सीटवर बसल्याशिवाय ठरत नाही. गाडी कोण घेणार हे माहीत नव्हतं, तेव्हा तात्पुरतं तुझं माप धरू असं ठरलं. (विकण्याच्या दृष्टीने हे थोडं गैरसोयीचं आहे, हे मला तेव्हाही कळत होतं.) तुझी सीट खिडकीखालून उचलून गाडीत बसवली आणि तुझ्या उंचीची म्हणून आईला तिच्यावर बसवलं. तुझं हेल्मेट घातल्यावर ती म्हणाली, आतून तेलाचा वास येतो, तिचा. मग थोडा वेळ तिने हेल्मेटची काच खाली करून घेतली, म्हणून आम्ही दुसरीकडे पाहिलं. नंतर वाद सुरू झाला. बाबा म्हणाले, नीट ताठ बस, ती मान वर करून बसते. आई आतून म्हणाली, काही सांगू नका, ती पुढे वाकून बसते, जेवायलासुद्धा तशीच बसते. बाबा म्हणाले, जेवताना वेगळं. जाळीवाल्या काकांनी विचारलं, फोटो नाही का? फोटो आहे, पण त्यात तू दारातून अर्धी बाहेर वाकून मला उतर म्हणते आहेस. एवढी वर्षं ताटाला ताट लावून जेवलेली चार माणसं आपण, आणि तू कशी बसतेस हे आम्हाला तिघांना मिळून सांगता येईना. मी टेप धरून उभा होतो आणि दर वेळी वेगळा आकडा येत होता.

शेवटी आईचं माप धरलं. ती बसलीच आहे तर दाराच्या दांड्याही तिच्या कोपराच्या अंदाजाने धरू, असं काका म्हणाले. तिच्या अंगावर जाड घोंगडी घातली, मी पाण्याची बादली घेऊन उभा राहिलो, आणि काकांनी बाहेरून दोन्ही बाजूंच्या दांड्यांना भराभर वेल्डिंगचे टाके मारले. काम सुरेख झालं. मग आई म्हणाली, आता उतरू? आणि आम्ही सगळ्यांनी एकदम दाराकडे पाहिलं. दांड्या तिच्या हनुवटीपर्यंत आल्या होत्या. चोर आत शिरू नये याची काकांनी पुरेपूर काळजी घेतली होती, आणि आईला खिडकीतून उडी मारायला गुडघा कुठे आहे? बाबा म्हणाले, आता हिच्यासकट विकावी लागणार. खिडकीतून चहा दिला. काका कापायचं यंत्र घेऊन आले, तर आई म्हणाली, थांबा जरा. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, पायाने चाचपून विचारलं, हा ब्रेक का? मी म्हणालो, मधला. तिने तो दाबून पाहिला. समोर शेडची भिंत आहे आणि भिंतीवर बाबांचे कापडाचे गठ्ठे. ती तिकडे बघत राहिली आणि म्हणाली, इथून तिला रस्ता एवढाच दिसायचा? मी म्हणालो, खूप दिसतो गं, भिंत नसली की. मग ती म्हणाली, घ्या कापून. पण लगेच म्हणाली नाही. चहाचा कप परत दिल्यावर म्हणाली.

दांडी कापली, आई उतरली, दांडी आता बेतशीर उंचीवर नव्याने जोडली आहे. डोक्याजवळच्या नळीला बाबा गुबगुबीत खोळ शिवत आहेत, त्याच तांबड्या कापडाची, पांढऱ्या दुहेरी शिवणीची. डोकं नेमकं कुठे आपटेल ते सांगा म्हणजे तिथे जास्त भरतो, असं रोज विचारतात. तर विक्रीची तयारी अशी जवळजवळ पूर्ण आहे. आई-बाबांचा आशीर्वाद, काकांचा नमस्कार. अंगावर गरम कपडे घालत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. गिऱ्हाईक येऊन गेलं, हे लिहायचं राहिलं. दातांचे डॉक्टर आहेत, उंच, बोलायला फार गोड, शर्यतीची हौस आहे. गाडी त्यांना मनापासून आवडली. ते आत शिरले तेव्हा आम्ही तिघं आणि जाळीवाले काका ओळीने उभे होतो. त्यांचं डोकं वरच्या नळीला लागलं आणि गुडघे स्टिअरिंगला. म्हणाले, सीट मागे सरकेल का? मी म्हणालो, सीट पक्की आहे. (चार बोल्टांवर आहे.) म्हणाले, वरची नळी जरा उंच घेता येईल? आईसाठी दांडी कापणाऱ्या काकांनी गंभीरपणे मान हलवली आणि सांगितलं, लोखंड आहे साहेब, एकदा जोडलं की जोडलं. डॉक्टर हळहळत गेले. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही वाईट वाटल्यासारखे उभे होतो. मग बाबा म्हणाले, चहा करा, आणि काकांना आग्रहाने थांबवून घेतलं.

ता. क. दुसरा. खरं काम हे आहे. खोळ बसवायची तर पक्कं माप लागेल. सीटवर बसतेस तशी खुर्चीत बसून, बुडापासून हेल्मेटच्या टोकापर्यंत कोणाकडून तरी मोजून घे आणि कळव. वाकून बसतेस की ताठ, तेही लिही, म्हणजे घरातला एक वाद मिटेल. (हेल्मेट इथेच आहे, हे लिहून झाल्यावर लक्षात आलं.)

ता. क. तिसरा. पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, माप पत्रातून कसलं मागवतोस, ती घाईघाईत काहीतरी आकडा ठोकून देईल आणि मोकळी होईल. बाबांचंही तेच म्हणणं पडलं. दोघांचं एकमत झालेलं मी बऱ्याच काळाने पाहिलं. तेव्हा माप पाठवू नकोस. घेऊन ये.