दोन बोटं अंतर

सोम., ८ जाने. ६२. अकोला
रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तिसरा महिना. इतके दिवस एका जागी मी शाळेतही टिकलो नव्हतो. वसंतरावांनी आज दुकानाची आणि माडीवरच्या खोलीची किल्ली एका कडीत घालून दिली. "हरवशीन तर बाहेर झोप," एवढंच. तारेला कथलाचा डाग द्यायला त्यांनीच शिकवलं. आधी माझा डाग पाहून म्हणाले होते, "हा डाग आहे का गाईचा पो?"

देव मास्तरांचं कार्ड, अमरावतीहून. रविवारी बडनेऱ्याला गवईकडे या, आपल्या सेटच्या तक्रारी फार झाल्या. आपला सेट म्हणजे मास्तरांनी कागदावर काढलेला दोन व्हॉल्व्हच्या रेडिओचा नक्शा. वीज नसलेल्या गावात बॅटरीवर चालतो. कोणीही उतरवून घ्या, बनवा, बदला. अट एकच, बदल केला तर कोपऱ्यात नाव-गाव लिहून एक प्रत मास्तरांना. पार अचलपूरपर्यंत गेलाय. पण खोड वाईट. आवाजाची खुंटी जरा जास्त फिरली की शिट्टी मारतो, आणि ती शिट्टी आपल्याच एरियलमधून आळीतल्या सगळ्या रेडिओंत घुसते.

रवि., १४ जाने. बडनेरा
निघताना स्टेशनवर एक माणूस बकरी डब्यात चढवत होता, ती चढेना. ते बघत राहिलो, गाडी गेली. पुढच्या गाडीनं आलो तेव्हा मास्तर आणि गवई तापलेले.

मास्तरांनी तिळगूळ आणलेला. गवई रेल्वेत सिग्नलकडे आहेत, धम्मदीक्षा घेतल्यापासून घरात जुने सण बंद. मास्तर जरा घुटमळले. गवई म्हणाले, "आणा इकडं. सण नाई मानत, तीळ मानतो."

मास्तर म्हणतात, खुंटीला खिळा मारा, पुढे फिरूच नये.
गवई : "मंग लांबच्या गावात नागपूर कसं लागन? एरियल आन् सेटच्या मधात तिसरा व्हॉल्व्ह टाका."
मास्तर : "तो जेवतो बॅटरी. खेड्यातल्या माणसानं तुमचा तिसरा व्हॉल्व्ह पोसायचा? आणि ज्यांनी सेट बनवून घेतलेत त्यांच्या सेटच्या फळीवर जागा कुठंय? त्यांना काय सांगू, फेका?"
गवई : "जुन्यासाठी नवं अडवून ठेवायचं का?"
मास्तर : "नव्यासाठी जुन्याला उघड्यावर टाकायचं का?"

दोघंही बरोबर वाटले. मला नेहमी दोघंही बरोबर वाटतात, म्हणून माझं काही होत नाही.

गवईवहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "तुमी याच्यावर गाणं आयकता कधी? जवा पाहावं तवा खोलून राहिले." शेजारचे आजोबा मधेच दारात. त्यांच्या रेडिओत शिट्ट्या येतात, ते अष्टग्रहीचं लक्षण आहे म्हणे, आठ ग्रह जवळ येऊन राहिले, जग बुडणार. गवई शांतपणे, "आजोबा, ग्रहाले माया गल्लीत काय काम? मीच हाओ तो."

ते गेल्यावर मास्तर म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात शिट्ट्या घालायचा आपल्याला काय अधिकार? चार फेब्रुवारीच्या रविवारी परत बसू. तोवर उपाय निघाला तर ठीक. नाहीतर नक्शा देणं बंद."
त्यांचाच नक्शा. सांगताना हातातला तिळगूळ तसाच राहिला.

गुरु., १८ जाने. अकोला
हे नीट लिहून ठेवतो.
दुकानात आपलाच सेट जुळवत होतो. एरियलची कॉइल मोठ्या कॉइलवर घट्ट बसवायची असते. तेवढ्यात रस्त्यानं उंटावरून दंतमंजन विकणारा. गेलो त्याच्यामागं, पार टॉकीजपर्यंत. परत आलो तर विसरलो. कॉइल तशीच बाजूला पडलेली, तारा जोडल्या, खुंटी फिरवली. सेट आतल्या आत कुरकुरला. पण फळीवरचा दुसरा सेट चालू होता, तो गप्प! नागपूर थोडं हळू, पण साफ.

वसंतराव मागे उभे. "काय केलं बे, दिन्या?"
"काहीच नाही केलं. कॉइल बसवायची राहिली."
मग दुपारभर त्यांनी आणि मी. जेवायचं राहिलं. घट्ट ठेवली तर दुसऱ्यात शिट्टी. एक बोट लांब, तरी शिट्टी. तीन बोटं, आवाजच जातो. दोन बोटं बरोबर. कॉइल सरकवणारा हात त्यांचा, मधे मोजायला बोटं माझी, दुसऱ्या सेटला कानही माझा. इतका आनंद मला कशाचाच झाला नाही.
संध्याकाळी दुकान बंद करताना म्हणाले, "हे इथलं इथंच. कापसाचा पैसा लोकायच्या हातात आहे तवर बिनशिट्टीचा सेट काढू. आपल्याच दुकानात भेटन."
मी हो म्हटलं. तेव्हा खरंच हो वाटलं.

शनि., २७ जाने.
कोणाचं आहे हे? तार त्यांची, फळी त्यांची, वेळ त्यांचा. विसरलो मी. पण नक्शा मास्तरांचा, आणि त्यातली व्हॉल्व्हची बैठक गवईंनी बदललेली. ते दोघं 'इथलं इथंच' म्हणाले असते तर वसंतरावांच्या फळीवर काय असतं?

दुकानातली नक्शाची प्रत आज नीट पाहिली. नावांचा कोपरा कात्रीनं कापलेला. विचारलं, तर म्हणाले, "पेटीत मावत नव्हता." असेलही. पेटी लहानच आहे.

ते वाईट नाहीत. मोठ्या कंपन्यांचे सेट समोरच्या दुकानात काचेत दिसतात, यांच्याकडे येतात ते दुरुस्तीला. एक गोष्ट फक्त यांच्याजवळ असावी एवढंच मागतात. आणि माझ्याजवळ तरी दुसरी खोली कुठंय.
चांदूर रेल्वेला एकजण नाटकाचा तंबू लावतोय, माणसं हवीत. जावं का. म्हणजे कोणालाच काही सांगायला नको.
हे नेहमीचंच माझं.

शुक्र., २ फेब्रु.
वसंतरावांना सांगितलं. ते कॉइल गुंडाळत होते.
"रविवारी बडनेऱ्याला दाखवतो, दोन बोटांचं."
"विचारून राहिला का सांगून राहिला?"
"सांगून."
हात थांबला नाही. वेढ्याला वेढा लावत गेले. मग म्हणाले, "तिकडून भाकर भेटते का तुले?"
"नाही."
"मंग काहून?"
म्हटलं, नक्शा बंद करून राहिले मास्तर. उपाय मला माहीत आहे आणि मी तिथं गप्प बसलो तर पुढं सेट कसा लावू? त्यातून मलाच शिट्टी ऐकू येईल. ते हसले नाहीत.
"रविवारी दुकान बंदच आहे. बायकोनं अष्टग्रहीचा धाक घेतला."
किल्ली मागितली नाही. मीही काढून ठेवली नाही. रात्रीची भाकर वसंतरावांकडच्या वहिनींनी रोजच्यासारखी वर पाठवली.

रवि., ४ फेब्रु. बडनेरा
गाडी रिकामी. लोक घरात होम करून राहिले. आज जग बुडायचं आहे, सगळा बाक माझा.

गवईंच्या सेटची एरियलची कॉइल सोडवून सरकती केली. गवईवहिनी शेजारी आजोबांच्या रेडिओपाशी जाऊन बसल्या. भिंतीपलीकडून ओरडल्या, "आली शिट्टी!" सरकवली. "गेली!" परत जवळ. "आली!" आजोबा ओरडले, ग्रहांशी खेळू नका म्हणून.

मग वाद. मला वाटलं झालं, पण नाही.
गवई : "दोन बोटं, पण कोणाची? मास्तरची म्हंजे अगरबत्त्या. माही पाहा."
मास्तरांनी दोघांची बोटं कॉइलपाशी धरून पाहिली, खरंच फरक. माझ्या बोटांनी जुळवलं होतं म्हणून माझी धरली, आणि गवईंनी तेवढ्या लांबीची बांबूची चीप कापली. ती नक्शावर ठेवून मास्तरांनी रेघ मारली. तिसरा व्हॉल्व्ह नको, खिळा नको, जुन्या सेटलाही बसतं. "आवाज कमी होतो पण," गवई म्हणाले. "लिहा," मास्तर म्हणाले, "जे जातं तेही लिहा."

मग कोपरा. टाक माझ्याकडे दिला. मी लिहिलं, वसंतराव, रेडिओ दुकान, अकोला. खाली, दिनकर. गाव काय लिहू कळेना. तेही अकोलाच लिहिलं.
"त्यांना चालेल?" मास्तरांनी विचारलं.
"माहीत नाही."
एक प्रत वसंतरावांसाठी उतरवून घेतली. कोपऱ्यासकट.

सोम., ५ फेब्रु. अकोला
जग आहे तिथंच. सकाळच्या गाडीनं उतरलो. दुकानासमोरच्या टपरीवर बसून लिहितोय. किल्ली माझ्याजवळ, पण दुकानाच्या दाराच्या फळ्या निघालेल्या. दुसरी किल्ली असणारच.

वसंतराव बाकावर, पाठ माझ्याकडे. समोर आपला सेट, नागपूर लागलंय. शेजारचा शिंपीही रेडिओ लावून बसलाय. प्रत खिशात आहे. काय बोलायचं ते गाडीत ठरवलं होतं.

चहा अर्धा.

आत्ता शिट्टी आली. लांब. शिंप्याच्या रेडिओतही. शिंपी ओरडला, "ओ वसंतराव!" थांबली. परत आली, तेवढीच.
त्यांची खुंटी चुकून कधी फिरत नाही. मी आलोय हे त्यांना कळलंय, कॉइल जवळ सरकवून मलाच ऐकवतायत. पाठ अजून तशीच आहे.