बियाचं वाळूक

४ ऑक्टोबर २०२३
बियाचं वाळूक चोरीला गेलं!

सकाळी परसात गेले तर वेलावर नुसतं देठ. गावरान काकडीचं हे फळ बियासाठी महिनाभर राखलं होतं. खाली वीट, वरून पळसाची पानं. पिवळंधम्मक झालं होतं, काल त्याचा वास न्हाणीपर्यंत येत होता. देठ नखानं खुडलंय. शेळी असती तर वेल तुडवला असता. हे काम माणसाचं.

हे म्हणाले, "अगं, अजून दोन पिकायला आहेत की." आहेत. पण ते सगळ्यात मोठं होतं.

शेजारच्या बजरंगला विचारलं. त्याच्या शेळ्या सदा न् कदा आमच्या कुंपणाशी. विचारलं म्हणजे सगळ्या आळीला ऐकू जाईल असं विचारलं. तो म्हणाला, "बाई, शेळ्या माझ्या चोरट्या असतील. मी न्हाई." बत्तीस वर्षं पोरं शिकवली मी. खोटं बोलणारा मला तोंडावरून कळतो. हा खोटंच बोलतोय.

समोरची शांतम्मा म्हणत होती, "जाऊ दे गं कावेरी, एका वाळकानं काय होतंय?" तिला काय कळणार. भोळी आहे.

६ ऑक्टोबर
बजरंगशी बोलणं बंद.

१५ ऑक्टोबर
आज घटस्थापना. शेवटची कोवळी वाळकं वाटून आले. यंदा तेवीस घरं झाली. पिंगळीत स्टेशनापासून मारुतीच्या पारापर्यंत कुणालाही विचारा, वाळूक कुणाचं? बाईंचं! सिताराम आमच्या शाळेत शिपाई होता. तो म्हणाला, "बाई, तुमच्या वाळकाची कोशिंबीर खाल्ली की बाजारची काकडी पाणी पिल्यावानी लागती." मला हे ऐकायला आवडतं. का आवडू नये? चाळीस वर्षं सांभाळलंय. बाजारचं बी एकदाही या परसात पडलेलं नाही.

देते ते कोवळंच देते. कोवळ्यात बी धरलेलं नसतं, खाल्लं की संपलं. पिकलेलं मात्र कुणाला नाही. एकदा बी बाहेर गेलं की ज्याच्या त्याच्या परसात वाळूक. मग बाईंचं काय राहिलं? सासूबाईंनी बी हातावर ठेवलं तेव्हा हेच बजावलं होतं. मी ते पाळलं.

२९ ऑक्टोबर
उरलेली दोन्ही पिकली वाळकं चिरली. बी धुतलं, शेण आणि राखेत कालवून पाणी तापवायच्या चुलीमागं भिंतीला थापलं. तिथं रोज धूर बसतो, किडा फिरकत नाही. मृगाला पोपडा फोडायचा की बी तयार.

शांतम्मा बघत उभी होती. तीस वर्षांची मैत्रीण. कपाळाला विभूती लावल्याशिवाय घोटभर चहा घेणार नाही, अशी सरळ बाई. म्हणाली, "सगळं एकाच भिंतीवर?" मी म्हटलं, "ही भिंत बँकेपेक्षा पक्की आहे." ती हसली नाही.

११ डिसेंबर
शांतम्मा हल्ली बजरंगच्या शेळ्यांना भाजीची देठं, शिळ्या भाकरी नेऊन देते. मी म्हटलं, चोराची एवढी सेवा? तशीच उरलेली देठं घेऊन गेली. दया लय आहे तिच्यात.

२६ मे २०२४
वालूरला बहिणीकडं आठ दिवस राहून आले. दारातच विवेक. परभणीहून रजा काढून आला होता. "आई, डोळे मीट." मीटले. उघडले तर सगळं घर पिस्ता रंगाचं! हे मागं गालातल्या गालात हसत उभे. बापलेकांनी मला पत्ता लागू दिला नाही. लेकानं स्वतःच्या कमाईतून आईचं घर रंगवलं. ऊर भरून आला. सगळ्या आळीला आत बोलावून दाखवलं.

मग पाय धुवायला न्हाणीकडं गेले. चुलीमागची भिंतही पिस्ता.

विवेक म्हणाला, "तिथं शेणाचे पोपडे होते आई, लय घाण दिसत होतं. पेंटरनं घासून काढले." कुठं टाकले? "घंटागाडीत."

त्याला एक शब्द बोलले नाही. एवढ्या हौसेनं केलंय पोरानं. जेवण मात्र गेलं नाही.

२७ मे
यांनी त्याला सांगितलं असणार. सकाळी तो तोंड पाडून बसला होता. "आई, बाजारातून आणू का बी?" म्हटलं, राहू दे बाळा, तुझा काय दोष. तेवीस घरांत वाळूक जातं आपलं. कुणीतरी दोन बिया ठेवल्याच असतील.

३० मे
दोन दिवसांत अकरा घरं झाली. कुठंच नाही.

सिताराम म्हणाला, "बाई, तुमी दिलेल्यात बी कुठं असतंय? पांढरं, पाणचट. पोरं तसंच खात्यात." मी मान हलवली. मला ठाऊक नव्हतं की काय! मीच तर तसं बघून बघून देत होते.

ऋतुजाकडं मनाला जास्त लागलं. गुरवाची नवी सून. म्हणाली, "बाई, मी तुमच्या वाळकाचं बी वाळवून लावलं होतं. दोन वर्षं लावलं. उगवलंच न्हाई. मला वाटलं, माझ्या हाताला गुण न्हाई." एवढासा चेहरा करून सांगत होती. तिला खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. लाज वाटली.

१ जून
उरलेली घरं झाली. नाही. शांतम्मानं चहा केला. माझ्याकडं बघेचना. माझं दुःख बघवत नसणार तिला.

मृग आठवड्यावर आला. हे बी गेलं तर गेलं. दुसरीकडं कुठं नाहीच ते. मीच कुठं जाऊ दिलं नाही.

३ जून
आज बजरंगकडं गेले. आठ महिन्यांनी. देवा, हाच चोर निघू दे, असं म्हणत गेले! चोरानं पिकलेलं नेलं होतं. बी असलं तर फक्त त्याच्याकडं.

तो शेळीचं दूध काढायलाय, मी उभी. म्हटलं, बजरंग, झालं गेलं राहू दे, चार बिया असल्या तर दे. त्यानं चरवी खाली ठेवली. "चोरलं असतं तर आज दिलं असतं, बाई." एवढंच बोलला. मला बसायला बाज टाकली. मी बसले नाही.

५ जून
परसातलं वाळकाचं आळं मोकळं. यांनी गवार लावू का विचारलं. उगाच खेकसले त्यांच्यावर.

८ जून
मिळालं! मिळालं!

सकाळी पाणी तापवायला गेले तर चुलीमागं, नव्या पिस्ता भिंतीवर, बरोब्बर जुन्या जागी शेणाचा पोपडा. हातभर नाही, तळव्याएवढा. जुनाच आहे, वाळलेला. एका बाजूनं तुटलेला. ओल्या शेणानं नुकताच चिकटवलेला. फोडला तर आत बी. तेच, लांबट, फिकट पिवळं. मी चुलीपाशीच फतकल मारून बसले.

बजरंगच! दुसरं कोण? परवा तोंडावर कबूल करायला जीभ रेटली नाही, म्हणून परसातून येऊन लावून गेला. माझा अंदाज चुकत नाही. चोर तो चोर, पण माणुसकी आहे म्हणायची. मी कळल्याचं दाखवलं नाही. त्याचीही लाज राहू दे.

९ जून
परसात दोन आळी करून बी लावलं. यांना म्हटलं, भिंतीवरचा शेणाचा डाग पुसायचा नाही.

२ सप्टेंबर
आज पोळा. पहिलं कोवळं वाळूक देवापुढं ठेवलं. तीच चव. जराही बिघडलेली नाही.

ऋतुजाला बोलावून खरं सांगितलं. तुझ्या हाताला गुण आहे गं, मीच बिनबियाचं देत होते. ती म्हणाली, "मग आता बियाचं द्या."

१३ ऑक्टोबर
यंदा निम्मी वाळकं वेलावरच पिकू दिली. काल दसरा झाला, आज वाटली. पिवळी, तडकलेली, वासानं आळी भरून टाकणारी. सोबत प्रत्येकाला शिकवलं, राख किती, शेण किती, कुठं थापायचं. बत्तीस वर्षांत असा वर्ग भरला नव्हता. सितारामनं तर दोन पोपडे थापले, एक स्वतःचा आणि एक पेडगावच्या लेकीसाठी. ऋतुजाचा पोपडा सगळ्यात देखणा. तिच्या भिंतीपुढं उभी राहून मी बघत होते, माझ्याच घरचा असल्यासारखा. चाळीस वर्षांत तेवीस घरी वाळूक पोचवून जेवढा अभिमान वाटला नाही, तेवढा आज वाटला. पुढच्या वर्षी कुणी विचारलं, वाळूक कुणाचं, तर ऋतुजा म्हणेल, माझं. म्हणू दे.

बावीस घरं झाली. शांतम्माचं उद्या. तिला मी स्वतः थापून देणार. बजरंगचं नाही. त्यानं त्याचं आधीच घेतलंय.

१४ ऑक्टोबर
शेणराख कालवलेली पाटी घेऊन थेट शांतम्माच्या स्वयंपाकघरात शिरले. तिच्या चुलीमागं एक पोपडा आधीच होता. जुना, धुरानं काळा. अर्धाच. अर्धा तोडलेला.

ती खाली बघत म्हणाली, "मागितलं असतं तर दिलं असतंस का?"

नसतं दिलं.

सगळ्यात मोठं पिकलेलं वाळूक घरात राहिलंय. ते घेऊन बजरंगकडं निघालेय. सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलायचं आहे.