धक्क्यावरची टिली

प्रिय कोरली,

पाकिटावरचं अक्षर पाहून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे, पण पत्र फाडू नकोस. इथं सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. माझी नटीगिरी केव्हाच संपली. मालिका बंद पडली आणि टिलीच्या भूमिकेशिवाय मला कुणी काही करायला दिलंच नाही. एका जाहिरातीत चीज खाल्लं, दोनदा नाटकात प्रेत झाले. आता शाळेच्या कॅन्टीनमध्ये सॉसेज रोल गरम करते. पोरांच्या आया अजून कुजबुजतात, "अगं बाई, ही ती धक्क्यावरची टिली!" मी हसते. काय करणार?

लहान मुलांना दिवसाला चारच तास कॅमेऱ्यापुढे ठेवता यायचं, म्हणून एका टिलीसाठी आपण दोघी जुळ्या. लोकांना कळू नये म्हणून पडद्यावर नाव एकच, माझं. मी अकरा मिनिटांनी मोठी, एवढीच माझी लायकी. माझी हनुवटी फुटली तेव्हा दृश्यादृश्यांतला मेळ सांभाळणाऱ्या ग्वेंडाबाई रोज सकाळी तुझ्या हनुवटीवर रंगानं तसाच व्रण काढायच्या. तू डावखुरी, म्हणून सारख्या ओरडायच्या, "उजवा, कोरली, उजवा हात!" त्या दिवशी माझे तास संपले होते, मी व्हॅनमध्ये झोपले होते. टिलीच्या बापाची बोट परत येत नाही आणि ती धक्क्यावर उभी राहते, तो प्रसंग तुझ्या वाट्याला आला. तू रडलीस आणि डाव्या हातानं डोळे पुसलेस. केसाएवढा फरक पकडणाऱ्या ग्वेंडाबाईंनी चुकांच्या वहीत काहीच लिहिलं नाही. ती चूक त्यांनी जाणूनबुजून राहू दिली असं मला वाटतं.

त्या प्रसंगाचं बक्षीस मला मिळालं. तेवढं तू सोडून दिलं असतंस, तुला बक्षिसांचं कधी काय होतं? पण टीव्हीवर मुलाखत घेणाऱ्या माणसानं विचारलं, "एवढं खरं कसं गं रडलीस?" आणि मी सांगितलं, आमचे बाबा खाणीवर गेले, परतले नाहीत, पत्रही नाही, त्यांची आठवण आली. ते माझं नव्हतं. कुणाला सांगू नकोस, अशी शपथ घालून तू ते मला सांगितलं होतंस. मी बाबांसाठी एकदाही रडले नाही, कोरली. मला ते नसलेलेच बरे वाटायचे. त्या दिवसापासून तू सेटवर पाऊल ठेवलं नाहीस, आणि अठरा पुरी होताच टास्मानियाला निघून गेलीस. आई म्हणायची, नखरे आहेत. मीही म्हटलं, हो, नखरेच. जळो माझी जीभ. तुझं बक्षीस घेतलं याची लाज वाटते, पण तुझं दुःख माझं म्हणून लोकांना विकलं, त्याला लाज हा शब्दही पुरत नाही.

गेल्या शनिवारी नगरपालिकेनं धक्क्यावर पितळी पाटी बसवली, टिलीचा तो प्रसंग आणि खाली माझं नाव. चहा, लॅमिंग्टन केक, महापौरबाईंची हॅट, सगळं साग्रसंगीत. मला बोलायला उभं केलं. मी म्हटलं, ती मी नव्हे, माझी बहीण होती. आणि बाबांची गोष्टही तिचीच, मी चोरलेली. लोक खो खो हसले, त्यांना विनोद वाटला. मग मागून काठी टेकत ग्वेंडाबाई उठल्या नि म्हणाल्या, "हसताय काय? पोरगी खरं बोलतेय. फार उशिरा बोलतेय, एवढंच." मग कुणी हसलं नाही. पाटी उतरवली, नवी करणार आहेत. कारकुनानं वही उघडून विचारलं, बहिणीचं पूर्ण नाव सांगा. मी 'कोरली' एवढंच सांगितलं. तुझं लग्न झालं एवढंच मॅव्हिस मावशी बोलली होती. आडनाव मी कधी विचारलंच नाही. हे पत्रही तिच्याच हाती देतेय, कारण तुझा पत्ता माझ्याकडे नाही. पाटीवर नाव नकोच असेल तर तसं कळव, मी कारकुनाला सांगेन. पण मला तरी सांग गं, माझ्या बहिणीचं नाव आता काय आहे?

तू म्हणू देशील तर तुझीच,
नरेल