उरलेल्या वर्षांची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा दातांच्या कवळ्या तयार करणे (आता बंद), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजची तारीख विचारली. मी सांगितली. मग त्यांनी कॅलेंडर पाहून खात्री करून घेतली. कोणाच्या दबावाखाली किंवा कोणावर रागावून मी लिहीत नाही. रागाचे एक कलम पुढे आहे, पण तो राग जुना आहे.

माझ्यामागे दोघेच: मुलगी, जिचा उल्लेख यापुढे 'लेक' असा केला आहे, आणि धाकटा भाऊ. पत्नी अकरा वर्षांपूर्वी गेली.

कलम १. राहते घर, त्यातील सर्व वस्तू आणि बँकेतील शिल्लक लेकीला. घर विकायचे तर खुशाल विकावे. माझ्यासाठी भिंती सांभाळू नयेत. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरतो, एवढे घेणाऱ्याला सांगावे.

कलम २. कामाची खोली आणि तिच्यातली हत्यारे, म्हणजे मेणाचे चाकू, कानशी, पॉलिशचे यंत्र व उघडझाप करणारा पितळी जबडा, भावाला. एकोणीस वर्षे आम्ही या खोलीत शेजारी बसून काम केले. मग त्याने समोरच्या फुटपाथवर स्वतःचे दुकान काढले आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागला, की दादाकडे कवळी करायला टाकायची तर ती मिळेपर्यंत जगायची तयारी ठेवा. हे खोटे असते तर मी हसलो असतो. खालच्या खणात सात कवळ्या आहेत, ज्यांचे मालक न्यायला येण्याआधीच गेले. मी नऊ वर्षे भावाशी बोललो नाही. शेवटी पत्नीने आम्हा दोघांना एकाच वेळी जेवायला बसवले आणि स्वतः आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतले. त्या सात कवळ्या फेकू नयेत. नावे साच्यांवर खरडलेली आहेत. कोणी मागितली तर द्यावी.

कलम ३. हे कलम लिहिता यावे म्हणून बाकीची लिहिली आहेत.

माणसाचे म्हातारपण लांबवण्याचे औषध जिथे शोधतात, त्या प्रयोगशाळेत लेक काम करते. आई गेल्यावर तिने हे काम धरले. तिथले उंदीर दीडपट जगतात. आता माणसांवर चाचणी आहे, आणि तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला घरातल्या एकाचे नाव देता येते. महिन्याला एक इंजेक्शन. त्याने कदाचित पंचवीस-तीस वर्षे वाढतील. संमतीपत्र सहा आठवडे माझ्या टेबलावर आहे. सही कुठे करायची तिथे तिने पेन्सिलीने फुली मारली आहे.

"आईच्या वेळी माझ्या हातात काहीच नव्हतं, बाबा," ती म्हणाली. "आता आहे. तुम्हीच नाही म्हणालात, तर मी हे केलं कुणासाठी?"

मी म्हणालो, चहा गार होतोय.

खरे उत्तर इथे देतो. तिचे काम मला चुकीचे वाटत नाही. माणसाने वेळेवर जावे असे म्हणणारे बहुधा दुसऱ्यांच्या जाण्याविषयी बोलत असतात. ज्यांचे दात संपले त्यांना मी आणखी वीस वर्षे चावायला दिले. म्हणजे धंदा माझाही तोच होता. पण या धंद्यात माझ्याकडून एक चूक झाली.

बासष्टाव्या वर्षी पत्नीचे सगळे दात काढावे लागले. कवळी मी केली, चार महिने घेऊन. माप तिच्या तोंडाचे घेतले, पण दात निवडले ते आठवणीतून: लग्न होऊन आली तेव्हाचे, पांढरे, लांब, एका रेषेत. अगदी नीट बसली. तिने आरशात बराच वेळ पाहिले, कवळी काढली आणि टेबलावर ठेवली.

"सुंदर झालीय," ती म्हणाली. "पण ही मी नाही. ही तुम्हाला आठवते ती. हसायला गेले की परक्याच्या घरी बसल्यासारखं वाटतं."

मी दुसरी केली. कडा कानशीने झिजवल्या, हिरडीजवळ रंग मळकट केला, समोरचा डावा दात शेजारच्यावर किंचित चढवला, होता तसा. तिने ती घातली, जेवली, आणि भाजीत मीठ जास्त झाल्याबद्दल मलाच बोलली. इतके चांगले काम माझ्या हातून पुन्हा झाले नाही.

म्हणून सही करत नाही. जगण्याचा कंटाळा आलेला नाही. तसे तिने मनातही आणू नये. हात थरथरतो, डाव्या कानाने ऐकू येत नाही, जिन्यावर दोनदा थांबावे लागते. मी आहे तो एवढाच. लेक जे परत देऊ पाहते ते उत्तम आहे. ते मला बसणार नाही.

कलम ४. नियमात बसत असेल तर चाचणीतली माझी जागा भावाला द्यावी. त्याचे वय एकाहत्तर आणि तोंडात दात स्वतःचे. त्यानेच मागितली. म्हणाला, दादा, तुला नको तर मला दे, मला अजून पुष्कळ बघायचंय; चणे आहेत तोवर दात असलेले बरे. मी त्याला सांगितले की मग तीस वर्षे तुला माझ्याशिवाय काढावी लागतील, नावे ठेवायला समोर कोणी नसेल. तो बराच वेळ हातातली कानस उलटसुलट करत राहिला.

"तेवढंच वाईट आहे त्यात," तो म्हणाला.

कलम ५. दर दोन महिन्यांनी लेक बॅग घेऊन येते आणि तपासणीसाठी माझे रक्त काढते. तीन छोट्या बाटल्या. सुई काढल्यावर कापसाचा बोळा दाबून माझे मनगट धरून बसते. मग घड्याळ पाहते आणि प्रयोगशाळेत परत जाते. माझी वर्षे वाढावीत म्हणून ती अकरा वर्षे राबते आहे, आणि त्या अकरा वर्षांत आम्ही दोघे एक अख्खा दिवस एकत्र बसलेलो नाही. तरी हा कागद मिळाल्यापासून तिने दर गुरुवारी सुट्टी घ्यावी आणि बॅग न आणता यावे. संशोधन मागे पडेल, असे ती म्हणेल. पडू दे.

वकील म्हणाले की मृत्युपत्र मेल्यावर लागू होते, जिवंत माणसाने असे कलम घालून उपयोग नाही. त्यापेक्षा पत्र लिहा. मी म्हणालो, पत्र ती बॅगेत टाकते आणि विसरते. कायद्याचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.

म्हणून या कागदाची एक प्रत माझ्या मरणाची वाट न पाहता उद्याच तिला पोचवावी.

तर बाळ, इथवर वाचलेस. हे तुझ्या हातात पडेल तेव्हा बुधवार असेल. दुसऱ्या दिवशी ये. जेवायलाच ये.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही (हात थरथरला आहे, सही माझीच आहे)

साक्षीदार पहिल्या: शेजारच्या चष्मेवाल्या बाई. आमच्यासमोर वाचून सही केली.
साक्षीदार दुसरे: वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन. प्रत पोचवण्याची जबाबदारी यांनी घेतली आहे.

भावालाही साक्षीदार व्हायचे होते. वाटणीत नाव असल्याने वकिलांनी नको म्हटले. सह्या होईपर्यंत तो दारात उभा होता.

स्थळ: कामाची खोली
दिनांक: सतरा, मंगळवार