परबकाकूंचे उरलेले ड्रॉप्स

रविवार रात्र, मुलुंड

दिवसभर कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांच्या वर्कशॉपला बसून आले. शिकवणाऱ्या मॅडम एकच बजावत होत्या, डोळा लाल दिसला की आधी रंगाची कागदी पट्टी लावून जखम आहे का बघा, औषध नंतर. मनात म्हटलं, हे तर कॉलेजातच शिकलो. मग रोज लावतो का आपण?

संध्याकाळी दवाखाना उघडला तर दारात परबकाकू, कडेवर त्यांचा पग. एक डोळा लालभडक, उघडतच नव्हता. पट्टी लावली. बुबुळावर हिरवा डाग चमकला, म्हणजे जखम.

"काकू, काय घातलंत यात?"

त्यांनी पर्समधून बाटली काढली. त्यांच्याच मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले ड्रॉप्स, स्टिरॉइडचे. जखमेवर हे घालत राहिलं तर डोळाच जायचा.

"महागातले आहेत गं, फुकट कशाला घालवायचे?"

तो हिरवा डाग डोळ्यांसमोरून हलत नाही. पट्टी लावली नसती तर लाली उतरवायला मीही तसलेच लिहून दिले असते ना? उद्यापासून पट्टीशिवाय एकही लाल डोळा माझ्या दारातून बाहेर जाणार नाही. बाहेर रांग लागली तर लागू दे.

निघताना काकू म्हणाल्या, "बाटली दे परत. मांजरीला होईल."

त्यांच्यासमोरच सिंकमध्ये ओतली.