कोणत्या खांबाला कुंकू

बालाजी,

भाकरी टोपल्यात हायत. मी खाली पार्किंगमधी हाय, घाबरू नको.

आज खंडेनवमी. गिरणीचे फ्लॅट झाले तवा तुझ्या मागं लागून मीच हा घ्यायला लावला, बेडरूममधल्या खांबापाशी तुझ्या अण्णांचा माग व्हता म्हणून. दर साली त्या खांबाला पुजते. वर्षाराणी तिथं कपाट ठेवायचं म्हणली, तर मी अबोला धरला. अन् काल अण्णांच्या संगं मागावर कामाला असलेले चन्नबसप्पा आले. खांब बघून म्हणाले, "वैनी, हितं तर कापसाचं गोदाम व्हतं. माग खाली व्हते, आता गाड्या लावतात तिथं."

मी म्हणलं, अण्णांना तर मागावरून गोदावरी दिसायची. तर म्हणाले, खालूनबी दिसायची, आता भिंत आली.

मला कायच कळंना झालंय. खाली सगळ्या खांबांना एकच पांढरा रंग फासलाय मेल्यांनी, अन् माझ्याकडं हार एकच. गाडी काढायच्या आधी मला हाक मार, कोणत्या खांबामागं बसलेली असंन सांगता येत न्हाई.

वर्षाराणीला म्हणावं, ठेव कपाट. पण खांबाचं कुंकू पुसू नको. लई बोललेय मी तिथं.

आई