वाढलेले तांदूळ

धामापूर,
४ मे

प्रिय संचिता,

पाकीट हाताला जड लागलं असेल. आत काय आहे ते पत्र वाचून झाल्यावरच बघ. मालवणच्या पोस्टातल्या बाई दोनदा वजन करतील आणि जादा तिकीट लावायला सांगतील. मी तीन तिकिटं जास्तच लावणार आहे, वाटेत अडकायला नको म्हणून. तरी तुझा पत्ता बरोबर लिहिलाय की नाही, इमारतीचा नंबर आधी की खोलीचा, हे चारदा ताडून पाहिलं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. आयुष्यात पत्रं लिहिली ती दहा-बाराच. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू "बोला काका" म्हणतेस आणि मी पावसापाण्याचं सांगत बसतो.

तू रियाला घेऊन पंधरा तारखेला येतेस हे ऐकल्यापासून तुझ्या काकूने, शेवंतीने, घर झाडायला काढलं आहे. तिचे गुडघे पूर्वीसारखे चालत नाहीत, तरी ऐकत नाही. यंदा फणस उदंड आहे, काजूने मात्र वाऱ्याचा मार खाल्ला. तळ्याचं पाणी अजून पायरीला आहे. बाकी इथलं वातावरण मला बरं वाटत नाही. टीव्हीवर पुन्हा कसल्यातरी तापाच्या बातम्या सांगायला लागलेत. गुरुवारी मालवणला गेलो, तर बाजारात दोन माणसं तोंडाला फडकी बांधलेली दिसली. कोणीतरी म्हणालं, मीठ मिळणार नाही. खरं-खोटं देव जाणे. पण माझे पाय आपसूक हसनभाईच्या दुकानाकडे वळले. हसनभाई आता बसत नाही, त्याचा रमीझ गल्ल्यावर असतो. त्याने विचारलं, "काका, किती देऊ?" आणि मला आकडाच सांगता येईना. मागचे लोक ढकलायला लागले तेव्हा तसाच परत आलो.

तुला माझी ही खोड ठाऊक आहे. लहानपणी तू हसायचीस, "काकांच्या माळ्यावर तीन पावसाळ्यांची बेगमी" म्हणून. आपल्याकडे मिरगाच्या आधी प्रत्येक घर बेगमी करतंच. सुके बांगडे, सोलं, कुळीथ, सुकी लाकडं, कणगीत भात. पण माझी बेगमी घाबऱ्या माणसाची. मी अकरा वर्षांचा असताना रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा, तोही नशीब असेल तर. एकदा आईने मला पिशवी देऊन पाठवलं. माझ्या पुढच्या माणसापर्यंत मिलो पुरला आणि दुकानदाराने फळी लावली. त्या फळीचा आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. हे मी कारण म्हणून सांगत नाही. नुसतं सांगतो.

पाच वर्षांपूर्वी, सगळं बंद होणार अशी कुणकुण लागली तेव्हा मी हसनभाईकडे गेलो आणि आठ पोती तांदूळ, मीठ, काडेपेट्या, साबण, हाताला लागेल ते उचललं. हसनभाई म्हणाला, "काय ओ बाबलीभाऊ, घरात लगीन काढलास काय?" लोक हसले. दुसऱ्या दिवसापासून कोणी हसलं नाही. दुकानाबाहेर चुन्याची वर्तुळं आखली, पोलीस काठी घेऊन उभे राहिले, आणि मी घरात बसून पोती मोजत होतो. शेवंती म्हणाली, "ह्यां सगळां खंय ठेवतलास?" माळा भरला, खाटेखाली भरलं. तीन पोती उरली. तेवढ्यात कोणीतरी पुडी सोडली की साठा करणाऱ्यांच्या घरी तपासणी होणार, धान्य उचलून वाटून टाकणार.

तेव्हा मी तुझ्या आईकडे गेलो.

हौसावयनी खळ्यात आमसुलं वाळत घालत होती. मी म्हटलं, वयनी, तीन पोती तुझ्या पडवीत ठेवू का. ती म्हणाली, "ठेव रे बाबली. माका खंय संसार मांडूचो आसा. पडवी रिकामीच आसा." मी पोती आणून भिंतीला लावली. आणि मग, संचिता, मी तिला भगवतीची आण घातली, की काही झालं तरी पोती माझी आहेत हे कोणाला सांगायचं नाही. ती हसली. म्हणाली, "दुसऱ्याची ठेव म्हणजे देवीची ओटी. मी खंय हात लावतंय?" तोंडाला सुतळीने शिवलेली पोती होती. एकदा तरी म्हणायचं होतं मी, वयनी, लागले तर घे. माझ्या तोंडून निघालं नाही. मी हिशेब करत होतो की आम्ही दोघं, दिवसाला इतके, म्हणजे किती महिने.

त्या दिवसांत तू मुंबईत अडकलेली. पासासाठी तू किती खटपटी केल्यास ते मला ठाऊक आहे. रोज संध्याकाळी आईला फोन करायचीस आणि मग मला. "काका, आईकडे लक्ष ठेवा." मी म्हणायचो, तू निश्चिंत राहा. वयनी तुला काय सांगायची तेही मी कुंपणापलीकडून ऐकलेलं आहे. म्हणायची, "बाबली आसा मगे. तू कित्याक काळजी करतंस?"

आता एक गोष्ट रियासाठी लिहितो, तुला ती ठाऊक आहे. आपल्याकडे जुनी माणसं तांदूळ, मीठ, तेल यांच्याबाबतीत एक शब्द तोंडातून काढत नाहीत. डबा रिकामा झाला तर म्हणतात, वाढले. दिवा विझवला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात, तसंच. लक्ष्मी ऐकत असते. हौसावयनी तर या बाबतीत फार कडक. तू लहानपणी एकदा तो शब्द उच्चारलास तेव्हा तिने तुझ्या तोंडावर चापट मारली होती, आठवतं?

एप्रिलच्या शेवटी शाळेच्या दीपिका मॅडम यादी करायला आल्या. बाई चांगली, पण लातूरकडची, नुकतीच बदलून आलेली. ज्यांच्या घरी धान्य नाही त्यांना पंचायतीतर्फे पिशवी मिळणार होती, तांदूळ, डाळ, तेल. आमच्याकडे लिहून झालं, मग कुंपणाजवळूनच त्यांनी वयनीला हाक मारली. मीही खळ्यात उभा होतो. वयनी पडवीच्या दारात आली. चार दिवसांपूर्वीच ती मला कुंपणावरून म्हणाली होती, "बाबली, माझे तांदूळ वाढले रे." मी म्हटलं होतं, बघतो. बघितलं काही नव्हतं.

मॅडमनी विचारलं, आजी, तांदूळ आहेत का? वयनी म्हणाली, "वाढले गो बाय." मॅडमना बरं वाटलं. "वाढलेत? म्हणजे भरपूर आहेत ना?" वयनीला कानाने कमी येत होतं, शिवाय मॅडमच्या तोंडाला फडकं. ती पुन्हा म्हणाली, "होय गो, वाढले." मॅडमनी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. भिंतीला तीन पोती उभी. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काका, आजींकडे धान्य पुरेसं आहे ना?"

संचिता, एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, मग ही पोती कोणाची? मी म्हणालो, "ती म्हणता तां खरां." बघ, मी खोटंसुद्धा बोललो नाही. मॅडमनी फुली मारली आणि पुढच्या घरी गेल्या. वयनीला माझं बोलणं ऐकू आलं की नाही मला कळलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पोत्यांकडे पाहिलं आणि आत गेली. त्यानंतर तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. आण घातलेली बाई. पोती आपली नाहीत हे सांगता येत नाही, आणि तो शब्द उच्चारता येत नाही.

शेवंतीला मी सांगितलं की वयनीला पंचायतीची पिशवी मिळाली. कुंपणाच्या वाटेवर मीच काट्यांची शिपटी आणून टाकली, रोग येईल म्हणून. वयनी तिच्या फणसाखाली वाकून काहीतरी वेचताना दिसायची. मी स्वतःशी म्हणायचो, वैशाखात कोकणात कोण उपाशी मरतो? फणस आहेत, आंबे आहेत. सकाळी तिच्या चुलीचा धूर दिसला की मला हायसं वाटायचं. आधी दोन वेळा दिसायचा. मग एकदा. एकोणीस दिवस मी तो धूर मोजला. विसाव्या दिवशी दिसला नाही, तरी मी दुपारपर्यंत वाट पाहिली.

बाकीचं तुला मीच फोनवर सांगितलं. झोपेत गेली, त्रास झाला नाही. ते खरं असावं. डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, वय झालं होतं, अशक्तपणा. गाव त्या रोगाला भिऊन जवळ येईना, आम्ही चौघांनी नेलं. तू फोनवर रडत एकच विचारलंस, "काका, आई जेवली होती ना?" मी म्हणालो, पोटभर पेज जेवून झोपली होती.

तिला आंघोळ घालायला शेवंती आत गेली होती. बाहेर आली ती हात पुसत. अंगणात उभी राहून माझ्याकडे बघून म्हणाली, "तांदूळ संपले हुते. डबो उपडो घातलेलो आसा. चुलीत फणसाच्या आठळ्यांची सालां." लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती, तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. त्या दिवसापासून ती आमच्या घरात दुसरा शब्द वापरत नाही. मीठ संपलं, तेल संपलं, दाराच्या उंबऱ्यावर उभी राहून स्पष्ट सांगते आणि मी उठेपर्यंत तिथेच उभी राहते. तिने मला एकदाही काही विचारलेलं नाही. नुसतं तेवढंच.

आणि तू दर वर्षी आईच्या दिवसाला आमच्याकडे तांदळाचं पोतं पाठवतेस. "शेवटपर्यंत आईला जेवू घातलंत" असं पहिल्या चिठ्ठीत लिहिलं होतंस. आम्हाला मूलबाळ नाही, तू लेकीसारखी करतेस. चार पोती झाली. मी एकही उघडलेलं नाही. त्यांना सोंडे लागलेत, जवळ बसलं की आतून कुरकुर ऐकू येते. माळ्यावर जागा उरली नाही. माझ्या घरात तांदूळ खरोखरच वाढत चालले आहेत, आणि आम्ही दोघं रेशनचे खातो.

तू आल्यावर आईचं घर उघडणार म्हणालीस. रियाला आजीची पडवी दाखवणार, बाबलीआजोबांची गोष्ट सांगणार. फोन ठेवल्यावर शेवंती एवढंच म्हणाली, "ती दार उघडतली. तिका काय सांगतलास? वाढले म्हणान?"

पाकिटात आहे ती तुझ्या घराची किल्ली. माझ्या हातून तुला ती देण्याची लायकी माझी नाही, म्हणून पोस्टाने पाठवतो. पाच वर्षांत मी ते दार उघडलेलं नाही. त्या दिवशी कुलूप लावताना शेवटचं आत पाहिलं होतं ते सांगतो, म्हणजे तुला एकटीने बघावं लागणार नाही. तीन पोती भिंतीला आहेत, सुतळी जशीच्या तशी. त्या सकाळी त्यांच्यावर निर्गुडीचा पाला पसरलेला होता, कीड लागू नये म्हणून. आदल्या दिवशी तोडलेला असावा. हिरवा होता. निर्गुडी आपल्याकडे तळ्याच्या काठालाच आहे, म्हणजे ती तिथपर्यंत चालत गेली होती आणि परत आली होती. तू येशील की नाही, माझ्या दारात पाऊल टाकशील की नाही, ते तू ठरव. मी दारात बसून असेन. दीपिका मॅडमना जे सांगायचं होतं ते एक वाक्य मी कधीच बोललो नाही, ते आज माझ्या हाताने लिहितो. संचिता, तुझ्या आईचे तांदूळ संपले होते. ते मला माहीत होतं.

तुझाच म्हणवून घ्यायला अजून जागा असेल तर तुझाच,
बाबलीकाका